पाहुण्यांसाठी झाडलेलं जंगल

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आईबाबा सेलूच्या बाजारात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकत. पहिली असल्याचा मला अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही. म्हणूनच सातवीला जंगलाची परिसंस्था शिकवताना पुस्तकातल्या चित्रावर भागवायचं नाही, हे पक्कं होतं.

शाळेमागे झुडपी जंगलाचा एक तुकडा होता. पळस, टेंभुर्णी, बोरी. पोरं वर्षभर तिथंच शिकली. कुजकं पान उचलायचं आणि खाली कोण राहतं ते बघायचं. उधई म्हणजे वाळवी, गोम, त्यांना टिपणारा सरडा.

मग ग्रामपंचायतीनं मशीन लावून तो तुकडा सपाट करायचं काढलं, गाड्या उभ्या करायला. आधी एकदा येऊन जंगल बघा, म्हणून मी सरपंचांच्या मागेच लागले. शेवटी ते म्हणाले, "बरं, सोमवारी येतो. पोट्टे काय दाखवते ते पाहू."

शनिवारी मी पोरांना एवढंच सांगितलं, "पाहुणे येणार आहेत. नीट तयारी करून ठेवा."

सोमवारी मागच्या दाराशी पोचले तर जमीन खराट्यानं चकाचक झाडलेली. प्रत्येक बुंध्याला गेरू आणि चुना. मधोमध सडा आणि रांगोळी. कोपऱ्यात पाल्याची राख अजून धुमसत होती.

वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी पुढे आली. "मॅडम, साऱ्याइनं मिळून केलं. एक पान नाई ठेवलं!"

पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडे दुसरं काय करतात? मीही असंच अंगण झाडत वाढले.

तेवढ्यात सरपंच आले, सोबत एक सदस्य. "शाब्बास पोट्टेहो! लय साफ केलं."

पोरीनं पाठ केलेलं सुरू केलं. "हे आमचं जंगल. इथं प्रत्येक पानाखाली..." ती पान उचलायला वाकली. पान नव्हतं. ती तशीच वाकलेली राहिली.

"मॅडम, जंगल कुठी हाय?" सरपंच म्हणाले. "मले तं आंगण दिसून राह्यलं."

"मशीनचं अर्धं काम पोट्ट्याइनंच केलं," सदस्य हसला.

मी हात जोडले. कॉलेजात गेल्यापासून कोणापुढे जोडले नव्हते. "भाऊ, एक वर्ष थांबा. पानं पडतील, सारं परत येईल."

"पावसाळा लागला का मशीन फसते, मॅडम. याच हप्त्यात करा लागते."

ते गेले. पोरगी पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर गेली आणि ओढणीत वाळकी पानं भरून घेऊन आली. पळसाखाली, रांगोळीवर, तिनं ती पसरली. तिचं पाहून बाकीचेही धावले. ओंजळीनं टाकलेल्या पानांखाली कोणी येऊन राहत नाही, हे मीच त्यांना शिकवायला हवं होतं. घंटा झाली. मी त्यांना वर्गात बोलावलं नाही.