रिपोर्ट खालून वाचणारे काका

हिंगोलीच्या लॅबमधले काका रिपोर्ट नेहमी खालून वाचतात. "निकाल खाली असतो. वरून वाचलं तर खाली येईपर्यंत माणसाचा जीव ऱ्हात न्हाई, बराबर?" म्हणतात. 'बराबर' हा त्यांचा पूर्णविराम.

मी सांगलीहून इथं हळदीच्या कामाला आलेला, शिक्षण सातवी. वडील पोटाच्या कॅन्सरनं गेले, आणि आता माझ्याही पोटातला तुकडा तपासायला दिलेला.

"कॅन्सर न्हाई. जंतू हाय, गोळ्यांनी जाईल, बराबर?"

"पण रक्त वडिलांचंच ना, काका?"

"अरे, पेशीत राखणीची जनुकं असतात, कुत्र्यावानी. कॅन्सरमंदी ती दर टायमाला मरत न्हाईत. कैकदा दोष रक्ताचा नसतो, हाच जंतू वर्षानुवर्षं पोटात राहून त्यांच्या तोंडाला मुसकं बांधतो. कुत्रं जित्तं, पण भुंकत न्हाई. म्हणून जंतू आत्ताच हाकलायचा. काहून भेऊन राहिला? आईला फोन लाव."

फोन त्यांनीच घेतला. "मावशी, कॅन्सर न्हाई," हे आधी, नमस्कार नंतर. मग फोन कानाला धरूनच माझ्याकडं वळले.

"जेवला का, विचारून राहिल्या."

भीतीनं सकाळपासून माझ्या पोटात पाणीसुद्धा गेलं नव्हतं. काकांनी आपला डबा उघडून माझ्यापुढं सरकवला आणि फोनमध्ये म्हणाले, "जेवून राहिला, मावशी."