जपानी साहेबाला विचारायचं होतं

"इचाराले का जाते जी?" असं म्हणत तो उजवा तळहात आभाळाकडे उलटा करायचा आणि समोरच्याला प्रश्न विचारून मोकळा व्हायचा. दरेकशाच्या स्टेशनवर गार्डाला विचारायचा, घरचं जेवण कोणत्या वारी मिळतं. प्रतापगडच्या दर्ग्यात फकिराला विचारायचा, मागणारे इतके, तर ऐकणाऱ्याला झोप केव्हा लागते. तुमच्याही ओळखीत असा एखादा म्हातारा असेल. त्याला टाळायला आपण वाट बदलतो, आणि तो दिसला नाही की चुकल्यासारखं वाटतं.

मी तेव्हा शेतकी खात्यात नवा होतो. लढाई संपून आठ-नऊ वर्षं झाली होती, जपानशी सरकारचा सलोखा झाला होता आणि भाताची जपानी पद्धत गावोगाव पोचवायचं काम आमच्या गळ्यात पडलं होतं. गादीवाफ्यावर रोपं, दोरी धरून ओळीत रोवणी, बेतानं खत. सालेकशाच्या बाजूचे लोक माझं ऐकून घेत, पान देत आणि आपल्याच पद्धतीनं रोवणी करत. बाया तर तोंडावर हसत. "दोरीनं बैल बांधतेत जी, धान नाही!"

हा म्हातारा मात्र आपणहून आला. आपली सगळ्यात चांगली बांधी, म्हणजे धानाचं शेत, देऊ केली.

"पाहाले जपानचा मानूस येईन का?"

"पीक चांगलं आलं तर येईल."

"मंग लावू."

कारण मला रोवणीच्या दिवशी कळलं. त्याचा एकुलता मुलगा पलटणीत मोटार चालवायला ब्रह्मदेशात गेला होता. तिथे जपान्यांशी लढाई झाली. पुढे 'बेपत्ता' असा कागद आला, मुलगा आला नाही. सून अजून कुंकू लावत होती. तिच्या माहेरचे पाट लावायला, म्हणजे तिचं दुसरं लग्न करून द्यायला तयार होते. म्हातारा तिथेच अडला होता.

"मेला असन तर मीच पाट लावून देतो. पन जिता असन तर? त्याच्यासंग लढले तेच सांगतीन."

जपान केवढा देश, शेतीतल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार, असं मी परोपरीनं सांगितलं. त्यानं तळहात उलटा केला.

दोरीचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं सुनेनं. पीक असं आलं की हसणाऱ्या बायाही बांधावर येऊन पाहून गेल्या. कापणीच्या आधी जपानी तज्ज्ञ खरंच आले. सोबत जीप, हारतुरे आणि आमचे मोठे साहेब. दुभाष्या मी, मोडक्या इंग्रजीचा. पाहुण्यानं लोंबी हातात घेऊन पाहिली, म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्यानं बंडीतून मुलाचा जत्रेत काढलेला फोटो काढला.

"हा तुमच्याइकडं हाय का जी? जिता का मेला, तेवढं सांगा."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे डोळे वटारले. पाहुण्यासमोर लढाईचा विषय! माझी नोकरी कच्ची होती. मी इंग्रजीत म्हणालो, "हा त्यांचा मुलगा, परगावी असतो. पुढच्या वर्षी खत किती घालावं, विचारतायत." पाहुणा फोटो पाहून हसला आणि बराच वेळ खताबद्दल बोलला. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"म्हणतात, परत गेल्यावर चौकशी करून कळवतो," मी सांगितलं.

त्यानं पाहुण्याचे पाय धरले. मला तेव्हाच लाज वाटली, पण मी पाहुण्याला जीपकडे घेऊन गेलो.

पुढे माझी बदली झाली. पाच वर्षांनी त्या बाजूला परत आलो, तर म्हातारा गेल्या उन्हाळ्यातच गेला होता. ओसरीवरची त्याची खाट भिंतीला उभी टेकवून ठेवली होती. सून धान पाखडत होती, कपाळावर कुंकू तसंच. मामाजी दरसाल दोरी धरूनच रोवणी करायचे, ती सांगत होती. डाकवाला दिसला की त्याच्यामागं जायचे.

"जाताना म्हनले, जपानचं उत्तर येईपावतर थांब."

मग मी तिला सगळं सांगितलं. त्या पाहुण्याला कोणी काही विचारलंच नव्हतं, हेसुद्धा सांगितलं.

ती रागावली नाही. सूप खाली ठेवून तिनं खरोखरच विचारलं, "मंग मी कायची वाट पाहून राहिली होती जी?"