आत्याला कोणी विचारलं?

वुम्पिनीला एका जागी बसणं माहीतच नव्हतं. उत्तर घानातल्या तमालेच्या विद्यापीठानं खेड्यांतल्या मुलींना कॉलेजात आणायचं काम विद्यार्थ्यांवर सोपवलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी हिचा हात वर. सुट्टी लागली की कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून ही निघायचीच. शाळेच्या अंगणात उभी राहून सांगायची, "मी तुमच्यातलीच. मला जमलं, मग तुम्हाला काय धाड भरलीय?" मुली हसायच्या, पण ऐकायच्या.

त्यातलीच मल्तिती, हुशार आणि अबोल. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला. वुम्पिनी मान म्हणून द्यायच्या कोलाच्या बिया घेऊन तिच्या वडिलांकडे गेली, रीतीप्रमाणे उकिडवी बसून बोलली, आणि ते लगेच हो म्हणाले. हिनं मैत्रिणींत मिरवूनही घेतलं.

कॉलेज उघडलं, मल्तितीचा पत्ता नाही. आठवड्यात हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती.  वुम्पिनी तडक मल्तितीच्या गावी पोचली.

वडील खाली बघत म्हणाले, "मी कोण सांगणारा? पोर माझ्या बहिणीची."

तेव्हा कुठे हिच्या डोक्यात उजेड पडला. दुधाचे दात पडायच्या आतच मल्तितीला आत्याच्या घरी दिलेलं. त्यांच्या रीतीत भावाच्या पोरीला आत्या वाढवते, आणि तिचं पुढचंही आत्याच ठरवते. हे काय वुम्पिनीला शिकवायला हवं होतं? ती स्वतः फुसेना आत्याच्या हाताखाली वाढलेली! शहरात राहून एवढंही विसरली.

मल्तितीची आत्या अझारा मोठ्या घमेल्यात शियाच्या बियांचं लोणी हातानं फेसत होती. मल्तिती पाणी ओतत होती, डोळे सुजलेले.

"या मास्तरीणबाई! कोला वाटलात, पण चुकीच्या दारात की हो!"

"चुकलं माझं, आत्या."

"ते राहू दे. तू शिकायला गेलीस, मग फिरकलीस कधी आपल्या आत्याकडे? हिचंही तेच होणार. जा, तुझ्या आत्यालाच पाठव माझ्याशी बोलायला."

 मुली गोळा करायला जाताना वुम्पिनी फुसेना आत्याच्या दारावरून कितीदा गेली होती. उतरायला मात्र तिला वेळ झाला नव्हता.

फुसेना आत्यानं दारात आलेल्या वुम्पिनीला नखशिखांत न्याहाळलं. "वाळलीस," एवढंच म्हणाली. आधी जेवायला वाढलं, सगळं ऐकून घेतलं, मग डोक्याला फडकं गुंडाळून तिच्यासोबत अझाराकडे निघाली.

दोघी आत्यांचं खुशाली विचारणं संपता संपेना. घरचे कसे, गुरं कशी, गुडघे कसे. वुम्पिनी बसल्या जागी चुळबुळत होती. शेवटी अझारानं हात पुसले.

"खरं सांग फुसेना. ही येते का गं तुझ्याकडे?"

मल्तितीच्या हातातला तांब्या थांबला.  फुसेना आत्या खरं बोलली तर सगळंच संपलं.

"येते की," फुसेना आत्या पापणी न हलवता म्हणाली. "दर सणाला. आली की डोकं खाते नुसतं."

अझारानं आधी फुसेनाकडे, मग वुम्पिनीकडे बघितलं.

"मग जाऊ दे पोरीला. ही येते, तर तीही येईल."

मल्तितीनं ओल्या हातांनीच तोंड झाकून घेतलं आणि हुंदके देऊ लागली. तिला जवळ घ्यावं असं वुम्पिनीला फार वाटलं, पण ती जागची हलली नाही. फुसेना आत्याकडे मान वर करून बघायची लाज वाटत होती.