नमुना क्रमांक एक

माळशिरसकडच्या मेंढपाळाच्या घरातून येऊन बी.एस्सी. झालेला कुमार सोलापूरच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं काम करत होता. एवढ्या काळात त्याने लोकांचं रक्त, थुंकी, लघवी सगळं तपासलं होतं. राहिला होता फक्त श्वास. यंदाच्या उन्हाळ्यात तोही आला.

झालं असं की मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं, फ्रीजएवढं एक मशिन पुण्याहून तीन महिन्यांसाठी उसनं आलं. माणसाने पिशवीत फुंकायचं, पिशवी मशिनला जोडायची, की ते श्वासातल्या वायूंच्या कणांचं वजन करून पडद्यावर रेघा काढायचं. शंभर कोटी कणांत एक परका कण असला तरी त्याची वेगळी रेघ उठायची. फुप्फुसाच्या रोग्यांच्या श्वासात आजाराची अशी रेघ सापडते का, हे डॉक्टर सृष्टी मॅडमना बघायचं होतं. पण ताडून बघायला आधी तीस निरोगी माणसांचे स्वच्छ श्वास हवे होते. पुण्याच्या अटीप्रमाणे येत्या शनिवारपर्यंत ते मिळाले नाहीत, तर मशिन पुण्याला परत जाणार होतं.

"निरोगी माणसं माझ्याकडं लागली," कुमार म्हणाला. पहिला नमुना त्याने स्वतःचाच दिला. बाकीचे गावाकडचे नातेवाईक दोन जीप भरून आणले. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला पुरुषांनी प्रामाणिकपणे होकारार्थी मान हलवली आणि ते दारातच गळाले. मग उरल्या बायका. एकजात सगळ्या "न्हाय" म्हणाल्या.

आणि एकजात सगळ्यांच्या श्वासात तंबाखूची रेघ उठली. कहर म्हणजे, खोलीतली नुसती हवा पिशवीत भरली तरी बारीकशी उठलीच.

"मशिनच बिघडलंय," कुमारने निकाल दिला. तसं पत्रही पुण्याला धाडलं. पुढचे चार दिवस त्याने नळ्या बदलल्या, पिशव्या बदलल्या, फरशी पुसणाऱ्या गंगम्माला फिनेलच्या बाटलीसकट हाकलून दिलं, एका बाईचा गजरा काढून ठेवायला लावला. रेघ मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी ठाण मांडून बसली. कुमारचं डोकं तापायचं. ते शांत करायला तो तासातासाला मागच्या दारी जायचा, गालात काहीतरी सरकवायचा आणि परत येऊन मशिनला शिव्या घालायचा.

गुरुवारी त्याने राजाबाई आत्याला पुन्हा फुंकायला बोलावलं. सत्तरीची म्हातारी, अजून मेंढरांमागे चालणारी. ती आली ती थेट नळावर गेली. कमरेची डबी काढली आणि काळी पूड बोटावर घेऊन दातांवर घासायला लागली.

"आत्ती, हे काय?"

"दात घासतीया की. दिसत न्हाय व्हय?"

"मिशरी हाय ती. तंबाखू भाजून करतात ती. तू तर न्हाय म्हणालीस."

"तू इचारलंस तंबाखू खाती का. खातोय तुझा मामा. मी कुटं खाती? मी थुकती."

कुमार पायरीवर बसला. "समद्या बायका लावतात?"

"न लावून कसं चालंल? सकाळी मिशरी न्हाय लावली तर परसाकडं होत न्हाय. तुझ्या मशिनला परसाकडं जावं लागत न्हाय, म्हनून त्याला कळत न्हाय."

"दोन दिवस सोड, आत्ती. माझ्यासाठी."

राजाबाईने डबी त्याच्या हातावर ठेवली. एखादीने दागिना काढून द्यावा तशी.

शनिवारी सकाळी ती परत आली, चेहरा पाडून. पोट फुगलेलं, बोलणं तुटक. तिने फुंकलं. तंबाखूची मोठी रेघ जवळजवळ गेली होती. बारीक उरलीच. खोलीतल्या हवेत होती तेवढीच.

"आत्ती, खरं सांग. लावलीस ना?"

राजाबाई उठून त्याच्याजवळ आली आणि नाक वर करून तिने दोनदा हुंगलं, कोकरू कुठल्या मेंढीचं ते ओळखावं तसं.

"ह्यो वास तुझ्या तोंडाचा हाय. गालात काय हाय?"

"मावा," कुमार म्हणाला. "सुपारी असती ती, आत्ती. तंबाखू अगदी नावाला."

ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याने फाईल उघडली. नमुना क्रमांक एक. तंबाखू: नाही. अक्षर त्याचंच, वळणदार. इतके दिवस तो त्याच तोंडाने पिशव्यांवर वाकत होता.

तो मॅडमकडे गेला. "मॅडम, मशिन चांगलं आहे. मी बिघडलोय. पुण्याला तसं कळवा."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्यासमोरच पुण्याला फोन लावला. पलीकडचे बराच वेळ हसले असावेत, कारण मॅडम ओठ दाबून हसू आवरत होत्या. शेवटी आणखी आठ दिवस मिळाले. अट एकच: खोलीतली हवा आधी स्वच्छ झाली पाहिजे.

दुपारपर्यंत कुमार तीन जणांवर खेकसला. वेलदोडा तोंडात टाकायला गेला, तर त्याचीही रेघ उठते म्हणून मॅडमनी हात धरला. संध्याकाळी राजाबाई डबी मागायला आली.

"आठ दिवसांनी मिळंल," तो म्हणाला.

"आन तुझी पुडी?"

त्याने खिशातली पुडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. राजाबाईने ती कनवटीला खोचली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली. दोघंही एकमेकांवर पाळत ठेवून, तोंड वाकडं करून बसून राहिली.