खारा वारा लागू नये म्हणून

स्टोअरकीपरची सगळी नोकरी वस्तू न देण्यात गेली. कारखान्याच्या भांडारात जाळीच्या खिडकीमागे बसायचं, कुणी हातमोजे मागितले की आधी जुने दाखव म्हणायचं, पान्हा मागितला की साहेबांची सही आण म्हणायचं. यात माणूस तरबेज झाला की त्याला प्रामाणिक म्हणतात. निरोपसमारंभात सगळे तसं म्हणालेही. घरी गेल्यावर तो ती जाळी काढून ठेवत होता की नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

त्याची बायको वारली, आणि वर्ष सरतं न सरतं तोच त्याच्या बहिणीने त्याच्यासाठी केमिस्टबाई हेरल्या. या तिच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. विधवा, साठी ओलांडलेल्या, औषधाचं दुकान पुतण्याच्या हवाली करून घरी बसलेल्या. घरी बसणं त्यांना मानवत नव्हतं. एकदा फ्रिज घरघरला तेव्हा त्या चक्क "हो रे, ऐकलं" म्हणून गेल्या, आणि स्वतःचीच भीती वाटून त्यांनी मैत्रिणीला फोन केला, "बरं, बघू तुझ्या दादाला." ठरलं असं, की तिघांनी दिवसभर किनाऱ्याच्या रस्त्याने गाडीतून फिरायचं आणि संध्याकाळी बाईंनी लग्नाचं हो की नाही ते सांगून टाकायचं. मनातून बाई हो म्हणायलाच निघाल्या होत्या. रिकाम्या घरात परत जायचा त्यांना कंटाळा आला होता.

गाडी जुनी, पण कालच शोरूममधून आणल्यासारखी. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. बाई टेकल्या तसा त्यातून असा काही आवाज निघाला, की त्यांनी घाईघाईने खोकून घेतलं.

"काच खाली नको हं, मॅडम," स्टोअरकीपर म्हणाला. "खारा वारा. पत्रा खातो."

"आपण समुद्र बघायला चाललोय ना?"

"बघायला काच कुठे आड येते?"

मागच्या सीटवरून बहीण लगबगीने म्हणाली, "दादा वस्तू फार जपतो बाई!"

मग स्थळदर्शन सुरू झालं. "ते लाइटहाउस. झालं बघून?" हे गाडी न थांबवता. जुन्या तटबंदीपाशी तो थांबला खरा, पण गाड्या लावायची जागा समुद्राला लागून, म्हणून याने गाडी पार आत, एका बंद गोदामाच्या भिंतीआड नेऊन लावली. तिथून चालत निघाल्यावर बहिणीचा गुडघा कुरकुरायला लागला आणि तट न बघताच तिघं माघारी फिरली. मच्छीमार बंदरावर तर उतरायचंच नाही असा हुकूम झाला. वास चपलांना लागतो, चपलांचा गाडीतल्या मॅटला लागतो. बाईंनी होड्या काचेतून बघितल्या. जन्मभर खोकल्याच्या बाटल्या काचेतूनच बघितल्या होत्या, त्यासाठी एवढं पेट्रोल जाळायची गरज नव्हती.

तरी त्या मनाची समजूत घालत होत्या. माणूस पीत नाही, आवाज चढवत नाही, तब्येत ठणठणीत. या वयात आणखी काय बघायचं? बायका असले हिशेब फार घालतात, आणि उत्तर पुरुषाच्या सोयीचं येईपर्यंत घालत बसतात.

रस्त्याकडेच्या हॉटेलात जेवण झालं. बाहेर आल्यावर स्टोअरकीपरने डिकीतून एक फडकं काढलं आणि बॉनेट पुसायला घेतलं. सुती, निळ्या फुलांचं, आणि त्याला चक्क एक खिसा होता. त्या खिशात मनगटापर्यंत हात घालून तो गोल गोल फिरवत होता.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"हिचा गाउन. कापड एकदम मऊ, चरा म्हणून उठत नाही. आणि खिसा मी मुद्दाम ठेवलाय. हात आत घातला की फडकं सटकत नाही."

"नवा दिसतोय."

"नवाच. चांगला म्हणून कधी घालू दिला नाही तिला. म्हटलं, ठेव, पुढे कामाला येईल." त्याने बाईंकडे खालपासून वरपर्यंत नजर टाकली, कारखान्यात कामगाराचं माप बघून डांगरीचा पोशाख काढून द्यावा तशी. "अजून दोन कोरे आहेत कपाटात. तुम्हाला होतील."

बहीण एकदम विजेच्या तारांकडे बघायला लागली.

बाई गाडीत बसल्या, पण पुढे रस्ता किनाऱ्याला चिकटला तशा म्हणाल्या, "थांबवा." आवाज दुकानातला होता, उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेला. त्याने ब्रेक दाबला. त्या उतरल्या, चपला हातात घेतल्या आणि थेट पाण्यात गेल्या, गुडघ्यापर्यंत. चांगल्या अर्ध्या तासाने परत आल्या त्या कपड्यांतून पाणी निथळत, पायांना वाळू थापलेल्या.

स्टोअरकीपर दारापाशीच उभा होता. "असं कसं बसता येईल, मॅडम? वाळेपर्यंत उभ्या राहा."

"नाही."

"उभ्या नाही राहणार?"

"उभी नाही राहणार, बसणार नाही आणि लग्नही करणार नाही. संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं? मी बसने जाते."

तो गोंधळला. दुःख झालं म्हणावं, तर तसं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. मागितलेली वस्तू न घेताच कुणी खिडकीवरून निघून गेलं, तर कदाचित तो असाच बघत असेल.

बहिणीने खिडकीची काच खाली केली. "अगं, अशी तडकू नको. वाईट नाही गं तो!"

"वाईट कुठे म्हणते मी? वाईट व्हायलासुद्धा माणसाला स्वतःतलं काहीतरी वापरावं लागतं. हा तसाच ठेवलेला आहे."

बाई बसथांब्याकडे चालायला लागल्या. पाठीमागे दार उघडल्याचा आवाज झाला. गुडघा धरत, लंगडत, बहीण येत होती.

"थांब गं, मी पण येते."

"आणि तुझा दादा?"

"त्याला गाडी आहे," बहीण म्हणाली, आणि बाईंच्या दंडाचा आधार घेत थांब्यावरच्या बाकावर टेकली.