मधलं कणीस

सिस्टरांना राग आला की त्या हात धूत. बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत, तांबड्या साबणाने, सावकाश. मग ते पुसत नसत, वाऱ्यावर वाळू देत, आणि वाळेपर्यंत एक शब्द बोलत नसत. आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या मोरीकडून त्या साबणाचा उग्र, औषधी वास आला की शिपायापासून दाईपर्यंत सगळे ओळखत की कुणीतरी आज काहीतरी करून ठेवलं आहे. "रागात सुई टोचू नये, बाई," त्यांनी मला एकदा सांगितलं. "हात हलतो. आणि दुखतं पोराला. ज्यानं राग आणला तो तर मोटारसायकलवर बसून गेलेला असतो."

मी मात्र हे रागातच लिहिते आहे. त्यांची ती शिस्त मला कधी जमली नाही.

पोशेऱ्याच्या बाजूला, मोखाड्याच्या डोंगरात, त्यांचं उपकेंद्र होतं. मी जव्हारच्या महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या शिबिरात एक मुलगी उन्हाने कोसळली आणि तिला घेऊन मी त्यांच्या दारात गेले, ही आमची पहिली भेट. मुलीला सलाईन लावून सिस्टर बाहेर पडल्या आणि उपकेंद्रामागच्या टेकाडावरच्या काळ्या खडकावर जाऊन बसल्या. गावात मोबाइलची रेंज तेवढ्या एका खडकावर येई. वाळलेल्या गवताचा वास, खाली दरीत निळसर धूर, आणि चष्मा कपाळावर चढवून फोनमध्ये डोळे घातलेल्या या बाई. मला वाटलं, माहेरी फोन लावत असतील. जवळ गेले तर पडद्यावर आकडे होते, हिरवे आणि लाल.

"ईटीएफ घेते आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्या मोठ्या कंपन्यांचा थोडाथोडा वाटा एकाच टोपलीत. बाजार चालू असेतो शेअरसारखी विकत घ्यायची."

मी हसले. हसून विचारलं, "सिस्टर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्या उठल्या, खाली गेल्या आणि त्यांनी हात धुतले. मला वाटलं, सलाईन बदलायची असेल. माझ्या प्रश्नातलं विष मला कळायला दोन वर्षं लागली. शहरातल्या कुठल्याही कारकुनाला मी तो प्रश्न विचारला नसता. डोंगरातली बाई, पाड्यावर वाढलेली, परिचारिका; तिला आकड्यांतलं कळतं याचं मला नवल वाटलं होतं, आणि ते नवल मी कौतुक म्हणून तिच्या ओटीत घातलं होतं.

कुणी शिकवलं, याचं उत्तर त्यांनी पुढे स्वतःच दिलं. रुग्णाला घेऊन जव्हारला आल्या की मुक्कामाला त्या माझ्याकडे उतरत. अशाच एका मुक्कामात चहाचा कप दोन्ही हातांत धरून त्यांनी त्या पॉलिसीची गोष्ट सांगितली. नोकरी तेव्हा कंत्राटी होती, पगार तुटपुंजा आणि तोही खंड पडून येणारा. एका एजंटाने येऊन बचत आणि विमा अशी दोन्ही कामं करणारी पॉलिसी गळ्यात मारली. मध्येच हप्ते थांबले तर किती परत मिळतील, असं यांनी विचारलं होतं. तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही फक्त सही करा." दुसऱ्या वर्षी पगार लांबला, हप्ते थांबले आणि भरलेलं जवळजवळ सगळंच गेलं. "पैशाचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "रोज शंभर कागद वाचते मी. लशीच्या बाटलीवरची तारीख वाचते. आणि त्यानं माला वाचू दिलं नाय." रागात त्यांच्या बोलण्यात घरची भाषा अशी उतरे. त्या दिवसापासून, वाचल्याशिवाय सही करायची नाही आणि वाचून समजलं नाही तर समजेपर्यंत वाचायचं, हे त्यांचं व्रत झालं. वर्तमानपत्राची गुंतवणुकीची पानं त्या औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवत.

त्यांची निवडण्याची रीत त्यांच्या कामातून आली होती. बाळांच्या वजनाचे तक्ते त्यांनी जन्मभर भरले. "एका वजनावर पोर ठरवू नये," त्या म्हणत. फंडाचा गेल्या वर्षीचा आकडा त्यांच्या लेखी असाच एका दिवसाच्या वजनासारखा होता. आधी त्या पाहत, फंड चालवणारे वर्षाला किती कापून घेतात. मग, फंड ज्या निर्देशांकाच्या मागून चालतो त्याच्या किती मागे पडतो. "आईच्या मागून पोर चालतं ना, तसं. चार पावलं मागं राहिलं तर चालेल. वळणावर दिसेनासं झालं तर ते कुणाचं पोर?" शेवटी, त्या फंडाची रोजची खरेदी-विक्री भरपूर आहे ना, कारण गिऱ्हाईक नसलेल्या बाजारात विकायला बसलं की भाव समोरचा ठरवतो. या तीन चाळण्यांतून जे खाली उतरे ते इतकं साधं, इतकं सपक असे की माझ्यासारखीला त्याचं नावही लक्षात राहू नये.

जव्हारच्या बाजारात त्यांच्याबरोबर फिरणं हा एक धडाच असे. सुक्या बोंबलाच्या टोपलीपुढे त्या कधीही भाव विचारत नसत. मनात ठरवलेला आकडा सांगत आणि उभ्या राहत. दिला तर घेत, नाहीतर पुढे जात, मागे वळून पाहत नसत. विकणारीण ओरडे, "सिस्टर, तुम्ही सुईपण अशीच टोचता काय, न विचारता?" आणि बहुधा दहा पावलांवर हाक मारून माल देई. खडकावर बसूनही त्या हेच करत. आपला भाव घालून ऑर्डर लावत, फोन खिशात टाकत आणि लसीकरणाला जात. "भाव विचारला की तो त्याचा होतो, बाई. सांगितला की आपला."

नागली, म्हणजे नाचणी, कापणीला आली असताना एकदा त्या मला आपल्या घरी घेऊन गेल्या. उतारावरचं शेत, मुठी वळल्यासारखी तपकिरी कणसं, हवेत करपट गोडसर वास. कापणीच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी पुढच्या वर्षाचं बियाणं हातांनी निवडत. मलाही एक टोपली दिली. मी बांधाबांधाने फिरले आणि सगळ्यांत भरदार कणसं खुडून आणली. कवितेच्या वहीत ठेवावीत अशी. त्यांच्या म्हाताऱ्या आईने टोपलीत हात घातला आणि सगळी कणसं बाजूला केली.

"बांधावरची घेतलीस," ती म्हणाली. "बांधावर त्याला येकट्याला ऊन मिलतं, येकट्याला माती. म्हणून फुगलाय. त्याचा बी गर्दीत टिकायचा नाय. मधी जा. मधी दाटीत उभा राहून जो भरलाय तो आण."

सगळी बायकामाणसं हसली, सिस्टरही हसल्या. मी ओशाळले, आणि अर्थातच काही शिकले नाही. त्याच हिवाळ्यात माझ्या पगाराच्या थकलेल्या फरकाच्या रकमेतून मी एका विशिष्ट क्षेत्राचा ईटीएफ घेतला. गेल्या वर्षी तो यादीत सर्वांच्या वर होता, नावही कसं झळाळतं होतं. सकाळी बाजार उघडताक्षणी, मिळेल त्या भावाला, वर्गावर जायच्या घाईत. विकणारे मोजकेच, आणि मी दारात पैसे घेऊन उभी. खऱ्या मोलापेक्षा कितीतरी चढ्या भावाने तो माझ्या पदरात पडला आणि पुढच्या सहा महिन्यांत वाळत गेला. सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या मोरीत जाऊन हात धुतले. हात वाळल्यावर एवढंच म्हणाल्या, "आईनं तुला टोपली रिकामी करून दाखवली होती, बाई."

हे सगळं कशासाठी, हे त्या लपवत नसत. दर्शना, त्यांच्या भावाची मुलगी, तिला नर्सिंगची पदवी घ्यायची होती. पूर्ण चार वर्षं, कुणाच्या शिफारशीची चिठ्ठी न घेता, कुणापुढे पदर न पसरता. खात्याला नॉमिनी तीच होती. सुट्टीत आली की सिस्टर तिला खडकावर नेत. घर गळायला लागलं तेव्हा त्या पैशाला हात लागला नाही, भावाच्या मोटारसायकलसाठी लागला नाही. भाऊ रुसला, सहा महिने बोलला नाही. पेरायचं बियाणं कणगीतून काढून शिजवत नाहीत, एवढंच सिस्टरांनी त्याला ऐकवलं होतं.

त्या गेल्या तेव्हा पावसाचे शेवटचे दिवस होते. पाड्यावरून लस देऊन परतताना छातीत कळ आली. त्यांनी स्वतःच स्वतःची नाडी धरली आणि सोबतच्या आशाताईला, गाडी बोलावताना काय सांगायचं, ते शब्दशः सांगितलं. गाडी खडकावरून फोन केल्यावर तीन तासांनी आली. वाटेत रस्ता वाहून गेला होता; तो दरवर्षी वाहून जातो आणि दरवर्षी कागदावर नवा होतो. या एका वाक्यापलीकडे मी त्या तीन तासांबद्दल लिहू शकत नाही. लिहिलं तर हात हलतो.

बाराव्या दिवशी मी त्यांच्या घरी होते. अंगण सारवलेलं, ओल्या शेणाचा आणि शिजत्या भाताचा वास, पडवीत माणसं. तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण गृहस्थ बूट काढून आत आला. भाऊ मृत्यूचा दाखला घेऊन ज्या बँकेत गेला होता तिथला अधिकारी. त्याने फोटोला हात जोडले आणि मांडीवर फाइल उघडली. त्याचं म्हणणं असं की ताईंनी बिचारीने सगळं बाजारात घालून ठेवलं आहे, तुम्हा लोकांना त्यातली जोखीम कळत नाही. त्या ईटीएफची युनिटं दर्शनाच्या नावावर आली की विकून टाकावीत आणि यांच्या योजनेत घालावीत, म्हणजे वाढही होईल आणि विमाही मिळेल. त्या योजनेतला फंड गेल्या वर्षी सर्वांत वर होता, असं म्हणून त्याने एक रंगीत आलेख काढला. भाऊ मान हलवत होता. दर्शना आलेखाकडे बघत होती.

"ताई, जास्त विचार नका करू," तो तिला म्हणाला. "तुम्ही फक्त सही करा."

माझ्या कानांत रक्त चढलं. मी उठले, त्याची फाइल हिसकावली आणि मला आठवतही नाही असं काहीबाही बोलले. बाईच्या राखेवर दुकान मांडतोस, तिला जे कळत होतं त्याच्या नखाएवढं तुला कळतं का, असं. कागद सारवलेल्या अंगणात पसरले. माणसं उठून उभी राहिली. भावाने मला खाली बसा म्हणून सांगितलं, आणि त्याच्या आवाजात पाहुणीबद्दलची नाराजी होती. त्या क्षणी मला दिसलं की माझ्या रागाने त्या माणसाचं काम सोपं केलं आहे. आता तो नम्र होता आणि मी आक्रस्ताळी.

दर्शना आत गेली. परत आली ती पाण्याचा तांब्या आणि साबणाची तांबडी वडी घेऊन. माझ्यासमोर उकिडवी बसली.

"बाई, हात धुवा आधी."

मी हात पुढे केले. ती पाणी ओतत राहिली, कोपरापर्यंत, सावकाश, आणि सगळी पडवी बघत राहिली. तो वास उठला आणि मी, इतक्या दिवसांनी, रडले. तांब्या रिकामा झाल्यावर तिने स्वतःचेही हात धुतले, वाळू दिले, अंगणातले कागद एकेक उचलून क्रमाने लावले. मग त्याच्यासमोर बसून तिने खालच्या आवाजात विचारायला सुरुवात केली. वर्षाला किती कापता. पहिल्या हप्त्यातले तुम्हाला किती. दुसऱ्या वर्षी थांबले तर हातात किती. हा आलेख एकाच वर्षाचा का. तो म्हणाला, माहितीपुस्तिकेत सगळं आहे. ती म्हणाली, मग वाचते. आणि तिथेच, जेवणाची पंगत खोळंबवून, भिंतीला टेकून ती वाचायला बसली. आत्यासारखीच, बोट ओळीखाली धरून.

तो भात न खाता गेला. युनिटं हलली नाहीत. आज दर्शना पहिल्या वर्षाला आहे. फीपुरती विकते, तीही आपला भाव घालून.

माझा राग तेवढाच आहे, त्या रस्त्यावर, त्या फाइलवर आणि पहिल्या भेटीतल्या माझ्या हसण्यावर. मोरीत मी तांबड्या साबणाची वडी ठेवते आता. ती फार लवकर झिजते.