हंड्याच्या तळची भांग

भांग माणसाच्या पोटातलं बाहेर काढते, असं माझा सासरा म्हणायचा. मेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवणार.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, लोधिवलीच्या, कडावला एकाच घरात दिलेल्या. मी थोरली सून, ती धाकटी. महाशिवरात्रीला सगळ्या गावाची भांग आमच्या ओटीवर घोटायचे, दूध-गूळ-मिरी घालून. पहिला लोटा मामंजींचा, मग हंडा देवळात जायचा. तिथं पुरुषांचं झालं की उरलेलं बायकांना. प्रसाद तो, नको म्हणायची सोय नव्हती.

त्या वर्षी बहीण भांग प्याली आणि तासाभरात खुदुखुदू हसायला लागली. डोईवरचा पदर पडला, तरी मामंजींकडं बोट दाखवून हसतेच आहे. मग खांब चालतायत म्हणून किंचाळली आणि देवळातच तिचं लुगडं ओलं झालं. मी तीच भांग प्याले होते, मला नुसती गुंगी आली.

"सगलं गाव प्यालं, कुनाला काय झालं नाय," मामंजी चारचौघांत म्हणाले. "हिच्या पोटातच घान हाय, ती भायेर आली."

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून तिला माहेरी धाडली. दोन वर्षांची पोर मात्र ठेवून घेतली. तिचा नवरा, माझा दीर, खाली मान घालून उभा. नंदीबैल मेला!

हंडा घासायला मीच बसले. बघते तर तळाशी बोटभर हिरवा गाळ. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुरुष प्यायले ते वरचं पातळ, बायकांच्या वाट्याला तळ. बाकीच्या बायका नुसता ओठ लावून देवळामागं ओतून द्यायच्या, ही भोळी घटाघटा प्याली. आमच्या घरचा शिवरात्रीचा उपास निर्जळी. मी सकाळी दोन रताळी चोरून खाल्ली होती, हिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. त्यात अंगाअंगाचा फरक असतोच. एकाच पातेल्यातलं सुरण एकीला खाजतं, दुसरीला नाही. म्हणजे जिनं उपास खरा केला, तीच वंगाळ ठरली!

मामंजींना सांगायला गेले, तर म्हणाले, "सुनंनं शानपना शिकवू नये." बरं, म्हटलं. वर्षभर त्यांना वाढलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि मनात एकच घोकलं, थांब थेरड्या.

पुढच्या शिवरात्रीला त्यांचा लोटा भरायला मीच पुढं झाले. भांग ढवळलीच नाही. वरचं पातळ हळूच निथळून काढलं, खालच्या गाळानं लोटा भरला आणि वर गुळाचा खडा जास्त टाकला. म्हाताऱ्याचा उपास कडक, पोट रिकामं.

"यंदा गोड हाय गं."

"प्या की मामंजी, पोटभर प्या."

देवळात म्हातारा आधी फिदीफिदी हसला. मग खांबाला मिठी मारून "पडतंय, पडतंय" म्हणून बोंबलला आणि त्याचंही धोतर ओलं झालं. आता गाव काय म्हणतं, म्हणून मी कान टवकारून उभी. गाव काय म्हणालं असेल? "म्हादेव अंगात आला!" हार घातले, पायावर डोकी ठेवली. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

सकाळी ताक घेऊन त्यांच्यापुढं गेले. "काल तुमच्या अंगात म्हादेव नव्हता, हंड्याचा गाळ होता. मीच घातला. माझ्या बहिनीच्या पोटातबी तोच होता."

तोंड पांढरंफटक पडलं. "कुनाला बोलू नको गं."

"मग गाडी जुंपा. नायतर आत्ता देवलात जाऊन सांगते."

गाडी जुंपली. पण गावाला काय सांगितलं? म्हादेवाचा हुकूम झालाय, चुकल्या सुनेला पदरात घ्या! मी दातओठ खाऊन गप्प बसले, मला माझी बहीण घरी हवी होती.

गाडीतून उतरली ती पोरीकडं धावली. पोर माझ्या लुगड्यामागं लपली आणि मला विचारलं, "आये, ही कोन गं?"

बहीण तिथंच अंगणात मटकन खाली बसली. ओटीवर मामंजींच्या पाया पडायला माणसं आली होती. मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांनी मान फिरवली. फिरवू दे. मी त्यांना माफ केलं नाही. ते गेले तेव्हाही नाही, आणि आजही नाही.